मुलांना साधे दही द्या, गोड कप नको

महोदय,

नेरुळ-सीवूड्सच्या दुकानांतल्या फ्रिजमध्ये साधे दही आता खालच्या कप्प्यात असते आणि डोळ्यांसमोर स्ट्रॉबेरी, आंबा, ब्लूबेरीचे रंगीत कप. ‘दहीच तर आहे’ म्हणत पालक ते मुलांच्या हाती देतात. मी परवा त्यातला एक कप उलटा करून बघितला, तर यादीत दुधानंतर लगेच साखर! घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, म्हणजे त्या कपात दुधाखालोखाल साखरच जास्त. वरून घातलेली साखर मोठ्यांनी दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवली तर उत्तम, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुलांसाठी ती मर्यादा याहूनही कमी धरायला हवी.

साध्या दह्याला या साखरेची गरजच नाही. वाटीभर दह्यातून साधारण पावणेदोनशे मिलिग्रॅम कॅल्शियम आणि पाचेक ग्रॅम प्रथिने मिळतात. मांस-मासे न खाणाऱ्यांना जे बी-१२ सहसा कमी पडते, तेही थोडेफार मिळते. विरजणातले जिवाणू दुधातली साखर खाऊन तिचे आम्ल करतात, म्हणून दूध प्यायल्यावर ज्यांचे पोट फुगते त्यांनाही दही बहुधा सोसते. कढी उकळली की हे जिवाणू मरतात, पण कॅल्शियम आणि प्रथिने कुठे जात नाहीत. तेव्हा कढी खुशाल करा. दह्याने सर्दी होते म्हणून पावसाळ्यात ते बंद करणारी घरे मला खूप दिसतात. सर्दी विषाणूंमुळे होते, दह्यामुळे नव्हे. एक खबरदारी मात्र घ्यावी: काही अँटिबायोटिक गोळ्या दह्यासोबत घेतल्या तर कॅल्शियममुळे त्या अंगी नीट लागत नाहीत. डॉक्टरांना वेळ विचारूनच घ्याव्यात.

घरी दही लावायला वेळ नाही, हे मला पटत नाही. तापवलेले दूध बोट सोसेल इतके कोमट झाले की चमचाभर विरजण घालून नीट ढवळायचे आणि झाकून ठेवायचे, एवढेच काम. आपल्याकडच्या मे महिन्यात चार-पाच तासांत दही लागते. लागल्याबरोबर फ्रिजमध्ये ठेवले नाही तर आंबट होते आणि मग मुले तोंड वाकडे करतात. गोड हवेच असेल तर त्यात केळे किंवा आंब्याच्या फोडी घालाव्यात.

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या कंपन्यांच्या कॅन्टीन चालकांनाही एक विनंती. उन्हाळ्यात थाळीसोबत बाटलीबंद गोड पेयाऐवजी जिरेपूड घातलेले, मीठ बेताचे असलेले ताक द्यावे. रक्तदाब असणारे कामगार बरेच असतात, त्यांच्यासाठी एक भांडे बिनमिठाचे वेगळे ठेवावे.

– एक वाचक, नेरुळ, नवी मुंबई