ग्रहणाची राशी नंतर छापा, आधी खानदान छापा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

ग्रहण आलं की पेपरात काय येणार हे आता आम्हा वाचकांना तोंडपाठ झालंय. आदल्या दिवशी वेध कधी लागणार, स्पर्श किती वाजता, मोक्ष किती वाजता, बारा राशींपैकी कोणाला शुभ कोणाला मिश्र, आणि वर मथळा 'दुर्मिळ योग'. दुसऱ्या दिवशी नदीवर आंघोळी करणाऱ्या लोकांचा फोटो, की विषय संपला तो पुढच्या ग्रहणापर्यंत. राशी छापू नका असं मी म्हणत नाही, ज्याला वाचायच्यात तो वाचेल, आमच्या घरातही वाचतात. पण ज्या गोष्टीची तारीख, वेळ, वाट सगळं शेकडो वर्षं आधी मांडता येतं ती तुम्ही आदल्या दिवशी सांगता आणि तीही अर्धवट, हे काही बरोबर नाही. म्हणून एका ग्रहणाबद्दल आत्ताच लिहितोय, अजून वेळ आहे तोवर.

२१ मे २०३१, बुधवार. वैशाख अमावास्या. त्या दिवशी कंकणाकृती सूर्यग्रहण आहे, म्हणजे मधे चंद्र आणि भोवती सूर्याचं उजेडाचं कडं, आणि त्याची वाट आफ्रिकेतून अंगोला, झांबिया, टांझानिया करत अरबी समुद्र ओलांडून केरळात शिरते, कोची, अलप्पुळा, कोट्टायम, मग घाट उतरून तामिळनाडूत मदुराई, तिथून पुढे श्रीलंका आणि मलेशिया-इंडोनेशियाकडे. ही वाट दीडशे किलोमीटरच्या आसपास रुंद आहे, त्यात उभं असलेल्यांनाच पूर्ण कडं दिसणार, आणि जिथे सगळ्यात जास्त वेळ दिसणार म्हणजे ५ मिनिटं २६ सेकंद, ती जागा केरळच्या पश्चिमेला भर समुद्रात आहे. आपल्या ठाण्यातून खंडग्रास दिसेल, सूर्य निम्म्याहून थोडा जास्त झाकलेला, भर दुपारी डोक्यावर. आणि खरं सांगू का, चष्मा लावून वर बघितलं नाही तर नौपाड्यात रिक्षाच्या लाईनीत उभ्या असलेल्या माणसाला कळणारही नाही की काही चाललंय, निम्मा सूर्यसुद्धा मे महिन्यात पुरेसा असतो.

आता हे ग्रहण अचानक कुठून आलं? तर आलं नाही, ते फिरतंय. याचं एक खानदान आहे, शास्त्रज्ञ त्याला सारोस १३८ म्हणतात. या खानदानातलं पहिलं ग्रहण ६ जून १४७२ ला झालं, शिवाजी महाराजांच्या जन्माच्या दीडेकशे वर्षं आधी, आणि शेवटचं ११ जुलै २७१६ ला होईल, एकूण ७० ग्रहणं. २०३१ चं त्यातलं बत्तिसावं. प्रत्येक दोन ग्रहणांमधे १८ वर्षं, ११ दिवस आणि साधारण ८ तासांचं अंतर (मधे लीप वर्षं पाच आली तर दिवस १०). अशी चाळीसेक खानदानं एका वेळी चालू असतात म्हणून आपल्याला दरवर्षी कुठे ना कुठे ग्रहण दिसतं आणि वाटतं की सगळं मनमानी चाललंय.

१८ वर्षंच का, तर तीन वेगवेगळे महिने तिथे एकत्र येतात. अमावास्या ते अमावास्या २९.५३ दिवस. चंद्र राहूपाशी जाऊन परत राहूपाशी यायला २७.२१ दिवस, आणि इथे राहू म्हणजे कोणी राक्षस नाही, चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला जिथे छेदते तो बिंदू, दुसरा छेद तो केतू, चंद्राची कक्षा पाचेक अंशांनी कललेली आहे म्हणून दर अमावास्येला ग्रहण होत नाही, या दोन बिंदूंजवळ अमावास्या पडली तरच होतं. तिसरा महिना पृथ्वीपासून लांब जाऊन परत तितकंच लांब जायचा, २७.५५ दिवस. आता कॅल्क्युलेटर काढा. पहिल्याचे २२३ महिने, दुसऱ्याचे २४२, तिसऱ्याचे २३९, तिन्ही ६५८५ दिवसांच्या थोडे पुढे येतात, फरक काही तासांचा. म्हणजे १८ वर्षांनी परत अमावास्याच, राहू-केतूची जागाही जवळपास तीच आणि चंद्राचं अंतरही जवळपास तेवढंच, म्हणून ग्रहणही त्याच जातीचं. चंद्र लांब असेल, म्हणजे चार लाख किलोमीटरच्या पलीकडे वगैरे, तर तो लहान दिसतो, सूर्य पुरता झाकत नाही, कडेनं कडं उरतं. बॅबिलोनच्या लोकांना हे १८ वर्षांचं चक्र अडीच हजार वर्षांपूर्वी माहीत होतं, आणि चंद्र सूर्याला झाकतो, कोणी गिळत नाही, हे आर्यभटानं १५०० वर्षांपूर्वी लिहून ठेवलं. आपण अजून मथळ्यात 'सूर्याला ग्रासणार' छापतो, असो.

ते वरचे आठ तास फार महत्त्वाचे आहेत. मी ठाणे-बेलापूर रोडला कंपनीत तीन शिफ्टमधे नोकरी केली, तसंच आहे हे, फर्स्ट शिफ्टवाला पुढच्या वेळी सेकंडला, मग नाईटला, आणि चौथ्या वेळी परत फर्स्टला. आठ तासांत पृथ्वी एक तृतीयांश फिरते, म्हणून पुढचं ग्रहण तेवढंच पश्चिमेला सरकतं. याच खानदानाचं बघा. १८ एप्रिल १९७७ ला आफ्रिका, अंगोला, झांबिया, टांझानिया. २९ एप्रिल १९९५ ला दक्षिण अमेरिका, पेरू, ब्राझील. १० मे २०१३ ला ऑस्ट्रेलिया आणि पॅसिफिक. आणि २१ मे २०३१ ला परत आफ्रिका, परत तेच अंगोला, झांबिया, टांझानिया! ५४ वर्षं आणि एक महिन्यानं. फक्त दर फेरीला वाट जरा उत्तरेला सरकत जाते, म्हणून जी १९७७ ला हिंदी महासागरात गेली ती या वेळेला केरळात चढणार. मला तरी हे बारा राशींपेक्षा भारी वाटतं.

खग्रासचंही, म्हणजे सूर्य पुरता झाकणाऱ्या ग्रहणाचंही तेच. १६ फेब्रुवारी १९८० ला कारवारपासून कोणार्कपर्यंत खग्रास झालं होतं ते माझ्या वयाच्या लोकांना आठवत असेल, रस्ते ओस पडले होते, लोकं दारं-खिडक्या बंद करून बसली होती. तेच ग्रहण ५४ वर्षांनी म्हणजे २० मार्च २०३४ ला परत आपल्या देशात येतंय, कारगिलकडे. आजोबांनी घाबरून घरात बसून घालवलेलं ग्रहण नातवाला उघड्यावर बघता येईल, अर्थात कोणी वेळेवर सांगितलं तर.

आपल्या पंचांगाशी याचं जे जमतं ते मी आजवर कुठल्याच पेपरात वाचलं नाही. १८ वर्षांचे २१६ चांद्र महिने, आणि त्यात ७ अधिक महिने आले की बरोब्बर २२३. म्हणजे सारोसच. ज्या १८ वर्षांत ७ अधिक मास पडतात तिथे ग्रहण त्याच मराठी महिन्याच्या अमावास्येला परत येतं. २४ ऑक्टोबर १९९५, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी खग्रास, आठवतंय? त्याचं पुढचं ३ नोव्हेंबर २०१३, लक्ष्मीपूजनाचा दिवस. त्याच्या पुढचं १४ नोव्हेंबर २०३१, परत दिवाळीच! यातली शेवटची दोन्ही आपल्याकडे दिसणारी नाहीत, एक आफ्रिकेकडचं आणि एक पॅसिफिकमधलं, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. आणि मे २०१३ ते मे २०३१ मधे अधिक महिने सहाच येतात, म्हणून आपलं कंकणाकृती चैत्र अमावास्येवरून वैशाख अमावास्येवर सरकलंय. दुसरं चक्र १९ वर्षांचं, ते जास्त सोपं, त्यात इंग्रजी तारीखही जवळपास तीच येते. २१ जून २००१ ला ग्रहण, २१ जून २०२० ला ग्रहण (हेच ते लॉकडाऊनमधलं, कुरुक्षेत्र-डेहराडूनकडचं कंकणाकृती), २१ जून २०३९ ला परत ग्रहण. पण ती एकाच खानदानातली नाहीत, नुसती तारखेची गाठ आहे.

आता दुर्मिळ या शब्दाबद्दल. दुर्मिळ जागा असते, ग्रहण नाही. वर्षाला कमीत कमी दोन सूर्यग्रहणं पृथ्वीवर कुठेतरी होतातच. एखाद्या ठराविक गावातून मात्र खग्रास सरासरी काढली तर साडेतीनशे-चारशे वर्षांत एकदा दिसतं. तेव्हा 'ठाण्यासाठी दुर्मिळ' असं लिहा, चालेल. भारतातली नुसती कंकणाकृती मोजली तरी १५ जानेवारी २०१० (कन्याकुमारी, रामेश्वर, समुद्रात ११ मिनिटं ८ सेकंद, या सहस्रकातलं सगळ्यात लांब), २६ डिसेंबर २०१९, २१ जून २०२० आणि आता २०३१. २०१० चं पुढचं भावंड तर २६ जानेवारी २०२८ ला आहे, दक्षिण अमेरिका ते स्पेन, आपल्याकडे तेव्हा रात्र.

काही खानदानांचं आणि ठाण्याचं मात्र अजिबात जमत नाही. २२ जुलै २००९ ला सुरत-पाटणा पट्ट्यात खग्रास होतं आणि आपल्याकडे सूर्य जवळजवळ पूर्ण झाकला जाणार होता, पण जुलैच्या सकाळी येऊरच्या डोंगरावर काय असतं ते सांगायला नको. त्याचंच पुढचं २ ऑगस्ट २०२७, इजिप्तमधे लक्झरला ६ मिनिटांच्या वर खग्रास, आपल्याकडे दुपार कलल्यावर खंडग्रास, आणि परत पावसाळी ढग. म्हणूनच मे महिन्यातलं ग्रहण सोडायचं नाही.

२६ डिसेंबर २०१९ ला सकाळी आमच्या सोसायटीच्या गच्चीवर आम्ही चार-पाच घरं होतो, बाकीचे खाली दारं लावून. चष्मे दोनच. शेजारच्या काकू बुंदीचा झारा घेऊन आल्या, आधी आम्हाला वाटलं कायतरी शांतीबिंतीचा प्रकार आहे, पण त्यांनी झारा उन्हात आडवा धरला आणि खाली टाकीच्या पांढऱ्या भिंतीवर झाऱ्याच्या एकेका भोकातून एकेक सूर्य पडला, सगळे कोरीचे, सगळे एकाच बाजूला तोंड केलेले, काकूंचा हात हलला की सगळे एकदम हलायचे. मुलं ते बघायला रांग लावून होती, चष्म्याला कोणी विचारेना. सूर्याकडे पाठ करून बघायचं असल्यानं डोळ्याला धोका शून्य. केरळात कोणी हेच केलं तर भिंतीवर सगळी कडी दिसतील. बाकी एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, काळा गॉगल यातलं काहीही चालत नाही हे मात्र दर वेळी ठळक छापा. कंकणाकृतीत तर एक सेकंदही उघड्या डोळ्यानं बघायची सोय नाही, खग्रासमधे सूर्य पुरता झाकला की बघता येतं तसं इथे नाही, कडं उरलेलंच असतं आणि ते सूर्यच असतं.

याच खानदानाचं पुढे काय होणार तेही सांगतो. कडं दर फेरीला बारीक होत चाललंय. १९९५ ला ६ मिनिटं ३७ सेकंद, २०१३ ला ६ मिनिटं ३ सेकंद, २०३१ ला ५ मिनिटं २६ सेकंद. असं कमी होत होत १ मार्च २५०० ला संमिश्र होईल, म्हणजे वाटेवर काही ठिकाणी कंकणाकृती आणि काही ठिकाणी खग्रास, आणि १२ मार्च २५१८ पासून हीच मंडळी खग्रास द्यायला लागतील, तीही मोजून तीन. आपण नसू, पण आकडा मांडलेला आहे.

आता मागणी. ग्रहणाच्या पानावर राशींच्या शेजारी एक चौकट द्या, त्यात या ग्रहणाचं खानदान कोणतं, मागचं कधी नि कुठे झालं, पुढचं कधी नि कुठे, आणि ठाणे, कल्याण, वाशी, पनवेलहून किती सूर्य झाकला जाईल. चार ओळी. आणि २०३१ चं निदान वर्षभर आधी छापा. शाळांना सुट्टी असते, नेत्रावती एक्सप्रेस ठाण्याला थांबते, पनवेललाही थांबते आणि एर्नाकुलमला उतरवते. केरळात मेच्या शेवटी वळवाचे ढग असतात, मान्सून १ जूनच्या आसपास टेकतो, त्यामुळे ज्यांना जमेल त्यांनी घाट ओलांडून मदुराई गाठलेलं बरं. फक्त मेमधे कोकण रेल्वेला चाकरमान्यांची गर्दी काय असते ते आपल्याला माहीत आहे, रिझर्वेशन सध्याच्या नियमानं ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे तोच नियम राहिला तर २०३१ च्या मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात पहाटेपासून मोबाईल घेऊन बसावं लागेल. ती तारीखही चौकटीत टाकलीत तर उपकार होतील.

आपला,
एक जुना वाचक, नौपाडा, ठाणे (प.)