फीसाठी सरकारी खाते

चँडलर, अॅरिझोना

तीर्थरूप दादा व सौ. वहिनी यांस शिरसाष्टांग नमस्कार.

अमेरिकेत सरकार मुलांच्या शिक्षणाचे पैसे पालकांच्याच हाती देते हे खरे का, असे दादांनी फोनवर विचारले होते. सगळीकडे तसे नाही. आमच्या राज्यात मात्र आहे, आणि त्यासाठी मुलाच्या नावे काढायच्या खात्यांची सुरुवात 2011 मध्ये इथेच झाली.

सरकारी पैसा खासगी व धार्मिक शाळांना देण्यास या राज्याच्या घटनेत मनाई असल्यामुळे, दिव्यांग मुलांसाठी काढलेली व्हाउचर योजना (म्हणजे खासगी शाळेची फी सरकारने भरण्याची योजना) राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये रद्द केली. तेव्हा विधिमंडळाने असा मार्ग काढला, की पैसा शाळेला न देता मुलाच्या नावे काढलेल्या खात्यात जमा करावा, आणि तो शाळेच्या फीवर, शिकवणीवर, पुस्तकांवर की थेरपीवर खर्च करायचा हे आईवडिलांनी ठरवावे. मला ही पळवाटच वाटते. अपील न्यायालयाने मात्र 2013 मध्ये ती ग्राह्य धरली. योजना प्रथम दिव्यांग मुलांपुरती होती. ती सर्वांना खुली करण्याचा कायदा 2018 च्या सार्वमतात मतदारांनी सुमारे दोन तृतीयांश मतांनी फेटाळला, तरी 2022 मध्ये विधिमंडळाने ती सर्वांना खुली केलीच.

सर्वसाधारण मुलाच्या खात्यात वर्षाला साधारण 7000 ते 8000 डॉलर, तिमाही हप्त्यांनी येतात. दिव्यांग मुलाला त्याच्या गरजेनुसार पुष्कळ जास्त मिळतात. पैसे रोख मिळत नाहीत. क्लासवॉलेट नावाच्या ऑनलाइन व्यवस्थेतून खर्च करावे लागतात. आमच्या शेजारच्या बाईंचा मुलगा स्वमग्न आहे. त्या रात्री जेवणे उरकल्यावर फोनवर थेरपिस्टचे बिल चढवतात आणि मंजुरीची वाट पाहतात. पूर्वीच्या शाळेत मुलाकडे लक्ष देणारे माणूसच नव्हते, त्यामुळे खात्याला नावे ठेवलेली त्यांना खपत नाहीत, आणि त्यांच्यापुरते ते योग्यच आहे.

आमच्या चिरंजीवांसाठी मात्र आम्ही अर्ज केला नाही. खाते उघडताना पालकांना एका करारावर सही करावी लागते. मुलाला वाचन, व्याकरण, गणित, विज्ञान व समाजशास्त्र शिकवण्याची जबाबदारी आमची आणि सरकारी शाळेवर आमचा हक्क नाही, असा त्याचा मथितार्थ आहे. दिव्यांग मुलांच्या पालकांना तर केंद्रीय कायद्याने सरकारी शाळेत मिळणाऱ्या संरक्षणावरही पाणी सोडावे लागते. शिवाय आमच्या भागातील बऱ्या खासगी शाळांची फी या रकमेत भागत नाही, आणि प्रवेश द्यायचा की नाही हे शाळाच ठरवते. ‘पालकांची निवड’ असा गाजावाजा होतो खरा, पण शेवटचा शब्द शाळेचाच असतो. योजना सर्वांना खुली झाल्यावर आलेल्या सुरुवातीच्या अर्जांपैकी बहुतेक अर्ज तर सरकारी शाळेत नसलेल्याच मुलांचे होते, म्हणजे फी आधीच भरू शकणाऱ्यांना सरकारने हातभार लावला.

दादा, आपल्याकडील शिक्षण हक्क कायद्याची (आरटीई) खासगी शाळांतील 25 टक्के राखीव जागांची व्यवस्था मला या बाबतीत उजवी वाटते. तिथे पैसा शाळेकडे जातो, तोही उशिरा आणि अपुरा, हे मान्य; पण सोडतीत नाव निघालेल्या मुलाला शाळेला नाही म्हणता येत नाही. सरकारी वा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळांना यातून वगळण्याचा नियम 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केला, ते बरे झाले. इकडे फिनिक्समधील रूझवेल्ट शालेय जिल्ह्याने (म्हणजे तिथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेने) त्याच वर्षीच्या डिसेंबरात पाच शाळा बंद करण्याचे ठरवले. घटलेला जन्मदर आणि सरकारी पैशावर पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या चार्टर शाळा यांचाही त्यात वाटा आहे, सगळा दोष खात्यांवर टाकता येणार नाही. पण मूल गेले की त्याच्यामागचे अनुदानही जाते आणि इमारत, बस व शिक्षकांचा खर्च तेवढाच राहतो, हे जिल्हा परिषदेच्या शाळेत उभी नोकरी केलेल्या तुम्हाला मी काय सांगावे?

तुमच्या केंद्रातील वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचे घाटत होते, त्याचे पुढे काय झाले ते सवडीने कळवावे. वहिनींना आणि मुलांना आम्हा सर्वांची आठवण सांगावी.

कळावे, लोभ असावा.

तुमचा धाकटा भाऊ