बोटं निळी आहेत, तब्येत ठीक आहे

तोकुशिमा, जपान, ८ ऑक्टोबर

ती. आई-बाबांस,
शि. सा. न.

आई, माझी नखं बघून घाबरू नकोस. ती नीळ आहे, नख वाढलं की जाईल. कापड रंगवायच्या हौदात असतं काय, तर निळीच्या झाडाचा कुजवलेला पाला, लाकडाच्या राखेचं पाणी, चुना, गव्हाचा कोंडा आणि थोडी साके. साके म्हणजे तांदळाची दारू, हो, पण ती जिवाणूंना! राखेचं पाणी झोंबतं, म्हणून हातमोजे घालतेच.

तुम्हाला पटणार नाही, पण इथे पाल्याला अंथरूण घालतात. आपले निळारी हिरवा पाला भिजवून, घुसळून निळीच्या वड्या पाडायचे. इथलं झाड निराळं, रंग मात्र तोच. त्याला म्हणतात 'आइ'. दिवसातून पन्नासदा कानावर पडतं, हसू नकोस. उन्हाळ्यात कापलेला पाला वाळवून, देठं काढून सप्टेंबरात बंद खोलीत मीटरभर उंच रास घालतात. त्या जागेला 'नेदोको' म्हणजे अंथरूणच म्हणतात. दर पाचेक दिवसांनी पाणी शिंपडून रास उलटायची. पाणी किती हे एकच जाणता ठरवतो, त्याला 'मिझुशि' म्हणतात. कमी पडलं तर आंबणं थांबतं, जास्त झालं तर सडतं. गारठा वाढला की वर गवताची 'फुतोन', म्हणजे रजई! राशीच्या पोटात ६५-७० अंश उष्णता असते, उलटताना अमोनियाने डोळ्यांतून धारा लागतात. सुमारे १०० दिवसांनी शेणखतासारखा काळा 'सुकुमो' तयार होतो, तो ५६ किलोंच्या गवती पोत्यांत भरतात. हौदात पडतो तो हाच कुजवलेला पाला.

नीळ पाण्यात विरघळत नाही. हौदातले जिवाणू तिचं रूप पालटतात तेव्हाच ती कापडात शिरते. पीएच साडेदहाच्या आसपास लागतो. खाली घसरला तर हौद नासतो, म्हणून चुना. चुना जास्त झाला तर जिवाणू मंदावतात आणि रंग चढत नाही. वर जांभळट फेसाचं 'फूल' आलं की हौद जागा झाला. सतत कापड बुडवलं तर तोही दमतो, त्याला सुट्टी द्यावी लागते. कापड बाहेर येतं हिरवट, हवा लागली की निळं होतं. गडद रंगासाठी एकदाच खूप वेळ बुडवून चालत नाही, नीळ वरवर बसते आणि हाताला लागते. थोडं थोडं, पुन्हा पुन्हा बुडवायचं. अगदी फिकट छटेचं नाव 'कामेनोझोकि', रांजणात नुसतं डोकावून आलेली.

दिवाळीला येत नाही. उलटणी चुकली तर वर्षाचा पाला जातो, आणि माणसं मोजकीच आहेत. खरंच तेवढंच कारण आहे. चकल्या पाठवू नका, टपालखर्च फार येतो. बाबांच्या मोतीबिंदूचे चाळीस हजार सोमवारी पाठवले, पोचले का? उरलेले डिसेंबरात. ऑपरेशन पुढे ढकलू नका. आत्याने सुचवलेल्या स्थळाला सध्या नाही कळवा, गोड शब्दांत. दादाच्या साखरपुड्याची तारीख २० डिसेंबरनंतरची धरता आली तर बघा. तोवर पोती भरून होतील.

तुमची,
मनू

ता. क. आई, तुझ्यासाठी सुती ओढणी रंगवली आहे. पहिल्या दोन धुण्यांत वेगळी धू.