जर्मलच्या पातेल्यानं केलेला घोटाळा

खानापूर,
आषाढातला रविवार

प्रिय मित्रा,

तुझं पत्र येऊन महिना झाला. उत्तराला बसायचो आणि लाईट जायची. परवा तर लॅबमध्ये रिफ्लक्स (वाफ गार करून परत चंबूत सोडत उकळणं) लावलेला असताना गेली, चंबू अर्धवटच गार झाला.

मी दिवसभर काय ढवळत असतो म्हणून तू नेहमी चिडवतोस. गरम अल्कोहोलात सॅलिसिलाल्डिहाइड आणि अ‍ॅनिलीन एकत्र केलं की पिवळाधमक शिफ बेस, म्हणजे दोघांच्या जोडणीतून झालेलं संयुग, मिळतो. त्यात निळसर हिरवं कॉपर अ‍ॅसिटेट ओतलं की बघता बघता रंग शेवाळी होतो. नायट्रोजन आणि ऑक्सिजन मिळून तांब्याला खेकड्याच्या नांगीसारखे धरतात. धातूभोवतीची ही मांडणी आल्फ्रेड वेर्नर या रसायनशास्त्रज्ञानं १८९३ साली सुचवली, त्यावर १९१३ चं नोबेलही मिळवलं. आमची पोरं मात्र परीक्षेपुरतंच पाठ करतात.

पण हल्ली माझं लक्ष चंबूत कमी आणि अंजनीत जास्त. जांबोटीच्या वाटेवर उन्हाळ्यात फांद्यांना निळीजांभळी फुलं चिकटलेली असतात ना, तीच. आपली तांबडी जांभ्याची माती आम्लधर्मी. अशा मातीत अ‍ॅल्युमिनियम विरघळतं आणि मुळांची टोकं करपवतं. बरीच झाडं मुळांतून सायट्रेट, ऑक्झलेट सोडून त्याला बाहेरच बांधून टाकतात. काही मात्र ते वर ओढून पानात साठवतात. वाळलेल्या पानात किलोला १००० मिलिग्रॅमच्या वर गेलं की संचयी म्हणायचं. चहा त्यातला, लोध्र त्यातला, आणि अंजनीच्या भाईबंदांतली पुष्कळ झाडं. जुने रंगारी तुरटीऐवजी लोध्राची साल वापरायचे, त्याचं मर्म हेच. मंजिष्ठेच्या मुळांचा रंग अ‍ॅल्युमिनियमला धरून बसतो, म्हणून कापडावर लाल टिकतो.

मग मीही अंजनीची पानं आणि मंजिष्ठ घरी चुलीवर उकळली, आईच्या जर्मलच्या पातेल्यात. सुती फडकं असं लालबुंद निघालं की मी अंगणातच नाचलो. रात्री अंथरुणावर डोक्यात प्रकाश पडला. अरे, जर्मल म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच की! पोरांना "ब्लँक घ्या, ब्लँक घ्या" म्हणून, म्हणजे तपासायची गोष्ट वगळूनही एकदा प्रयोग करा म्हणून, ओरडणारा मीच. आता रंग पानांनी धरला की पातेल्यानं, कसं कळणार?

दुसऱ्या दिवशी पानं चार पाण्यांनी धुतली, कारण पानावर बसलेल्या तांबड्या धुळीतही अ‍ॅल्युमिनियम असतंच. दोन काचेचे बीकर घेतले. नुसत्या मंजिष्ठेतलं फडकं फिकट विटकरी निघालं, अंजनीतलं डाळिंबी. लालबुंद नाही, पण दोन्ही शेजारी वाळत घातल्यावर आईलासुद्धा फरक दिसला. "आणि माझ्या पातेल्याचं काय?" तिनं विचारलं. ते आतून तांबडं पडलंय, चिंचेनं घासूनही जात नाही.

आता पानातलं नेमकं प्रमाण मोजायचंय. आमच्याकडे यंत्र नाही, नमुने बाहेर पाठवावे लागतील. तू गणपतीला येशील तेव्हा कोल्हापुरातल्या काष्ठौषधीच्या दुकानातून पावशेर मंजिष्ठ आण, आणि एक स्टीलचं पातेलं. जर्मलचं नको.

तुझा,
मास्तर