टाकी धुऊ नका

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

आईने फोनवर सांगितलं, दोन गोल्डफिश गेले, तिसरा तळाला तिरपा बसलाय. मागून बादल्या सरकवल्याचा आवाज येत होता, म्हणून आधी हेच लिहिते. टाकी रिकामी करू नका. गोटे न्हाणीत नेऊन घासू नका. फिल्टरचा स्पंज नळाखाली धरू नका, आणि साबण किंवा फिनेल तर टाकीच्या आसपाससुद्धा नको. घरात मयत झालं की घर धुऊन काढायचं ही आपली रीत, पण टाकीला ती लावली की उरलेले चार मासे आठ-दहा दिवसांत जातात. माशांची घाण पचवणारे जिवाणू पाण्यात फार नसतात. ते स्पंजवर, गोट्यांवर, काचेवरच्या बुळबुळीत थरात राहतात. तो थर धुतला की टाकी पुन्हा कोरी होते आणि नव्याने बसायला चार ते सहा आठवडे लागतात.

मेलेला मासा मात्र दिसल्याबरोबर काढा. संध्याकाळी बघू म्हणून ठेवू नका. उन्हाळ्याच्या पाण्यात तो काही तासांत कुजायला लागतो, त्यातून अमोनिया सुटतो, आणि बाकीचे त्याला टोचून खातात. खरंच गेलाय का, हे आधी पाहा: कल्ले हलत नाहीत, डोळा पांढुरका झालाय, जाळी लावली तरी हालचाल नाही. रोज सकाळी मासे मोजायची सवय ठेवा. एखादा कमी भरला तर फिल्टरच्या मागे आणि सजावटीच्या किल्ल्यात बघा, तिथेच सापडतो.

हात घालण्याआधी फिल्टर आणि दिवा, दोन्हींचे प्लग काढा, नुसती बटणं बंद करून भागत नाही. बाबा, तुम्हाला शुगर आहे, म्हणून हे खास तुमच्यासाठी: बोटाला चीर किंवा नखाजवळ जखम असेल तर उघडा हात टाकीत घालू नका. माशांना क्षयासारखा एक रोग होतो, त्याचे जंतू जखमेतून माणसाच्या कातडीत शिरतात आणि गाठ महिनोन्‌महिने बरी होत नाही. हातमोजे नसतील तर दुधाची रिकामी पिशवी धुऊन हातात घाला. नंतर साबणाने हात धुवा. जाळीसुद्धा उन्हात वाळवा.

पुरायच्या आधी मासा जुन्या ताटलीत उजेडाला ठेवून दोन मिनिटं बघा आणि फोटो काढा. उदबत्तीच्या काडीने कल्ल्याचं झाकण उचला. कल्ले चॉकलेटी असतील तर नायट्राईट (जिवाणू अमोनिया पचवताना मधे तयार होणारं विष), लालभडक सुजलेले असतील तर बहुधा अमोनिया. अंगावर मिठासारखे दाणे म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. पोट फुगून खवले पाइनच्या बोंडासारखे उभे राहिले असतील तर आतले अवयव निकामी झाले होते. पण मासा मरून पाच-सहा तास झाले असतील तर कल्ले आपोआप फिके पडतात, त्यावरून काही ठरवू नका.

पुरायचं तर मागच्या कडुनिंबाखाली हातभर खोल, वर जड दगड. मांजरं उकरतात. तुळशीच्या कुंडीत नको, ती उथळ असते. औषध घातलेल्या टाकीतला मासा भाजीच्या वाफ्यात नको. जागा नसेल तर कागदात गुंडाळून ओल्या कचऱ्यात दिला तरी चालतो, त्यात पाप काही नाही. संडासात टाकून पाणी ओतू नका. आणि मेलेला असो की आजारी, आडात, बारवेत किंवा मांजरा नदीत सोडू नका. हिवतापवाले डासांच्या अळ्यांसाठी गप्पी सोडतात ते पाहून तेवढं चालतंच असं वाटतं, पण आपल्या टाकीतले जंतू आणि परके मासे नदीला देणं वेगळं.

आता कारण. कोणत्या वेळी आणि कसे गेले, यावरून अर्धं कळतं. एका रात्रीत सगळे गेले तर विष किंवा हवा. एकेक करून आठवडाभर जात असतील तर अमोनिया किंवा रोग. पहाटे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर पाण्यात हवा कमी. तुमचे दोन्ही सकाळीच सापडले आणि आदल्या रात्री तीन तास लाईट नव्हती, म्हणून माझा पहिला संशय हवेवर आहे. पाणी २० अंशांचं असेल तर लिटरला साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन धरून ठेवतं, ३२ अंशांना जेमतेम ७.३. वैशाखात आपल्या घरात पाणी ३२ सहज होतं. गोल्डफिश हा मुळात थंड पाण्याचा मासा, १८ ते २२ अंशांत सुखी. पाणी तापलं की त्याला हवा जास्त लागते आणि मिळते कमी. वर एअर पंप बंद.

त्यावर उपाय दोन. टाकीचं झाकण काढून वर जाळी बांधा आणि टेबल फॅनचा वारा पाण्याच्या अंगावर घ्या. आपली हवा कोरडी असल्याने बाष्पीभवन जोरात होतं आणि पाणी दोन-तीन अंश उतरतं. मुंबई-कोकणाकडच्या दमट हवेत हे इतकं साधत नाही. दुसरं, अर्ध्या लिटरची बाटली गोठवून टाकीत तरंगवा. ५० लिटर पाणी तिने साधारण एक अंश उतरतं. एका वेळी एकच बाटली, तासाला दोन अंशांपेक्षा जास्त उतरवू नका. चार्जिंगवर चालणारा छोटा एअर पंप दादाला आणायला सांगा. तो येईपर्यंत लाईट गेली की मगाने पाणी उचलून वीतभर वरून ओतत राहायचं, अर्ध्या तासाने दहा मिनिटं. फिल्टर बंद डब्याचा असेल आणि लाईट तीन-चार तास नसेल, तर चालू करण्याआधी आतलं साचलेलं पाणी फेका. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यात दोनदा पिळा आणि मग प्लग लावा. नाहीतर आत सडलेलं पाणी एकदम टाकीत येतं.

पण फक्त हवेमुळे दोनच गेले आणि चार वाचले, असं मला वाटत नाही. आपल्या बोअरचं पाणी जड, काचेवर पांढरी रेघ पडते ती क्षारांची. अशा पाण्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप, ८च्या आसपास असतो. पीएच ७ असताना पाण्यातल्या अमोनियाचा शंभरातला एक भागही विषारी रूपात नसतो. ८ झाला आणि पाणी २८ अंशांचं असेल तर सहा-सात भाग विषारी होतात. म्हणजे तेवढीच घाण असूनही आपल्याकडे ती कितीतरी पट जास्त मारते. दुकानदार दुसऱ्या गावच्या हिशोबाने ‘पंधरा दिवसांनी थोडं पाणी बदला’ म्हणतो, ते लातुरात लागू पडत नाही.

म्हणून थेंबांचा टेस्ट किट घ्या. पट्टीवाला नको, बहुतेक पट्ट्यांत अमोनिया नसतोच. अमोनिया ० हवा, नायट्राईट ०, नायट्रेट ४०च्या आत (आकडे लिटरला मिलिग्रॅमचे). आपली टाकी २ फूट लांब, १ रुंद, १ उंच. हिशोबाने ५६ लिटर, पण गोटे आणि वरची मोकळी जागा सोडून पाणी भरतं ४५ ते ५०. आज त्यातलं २५ टक्के, म्हणजे एक बारा लिटरची बादली, नळीने तळातून ओढून काढा. गोट्यांमधली घाण ओढायची, गोटे हलवायचे नाहीत. मग आठवडाभर रोज तेवढंच. अमोनिया १च्या वर दाखवला तर पहिल्या दिवशी निम्मं. बाबा, भरलेली बादली उचलू नका. नळी थेट अंगणात सोडा आणि नवीन पाणी पाच लिटरच्या कॅनने घाला.

काढलेलं पाणी झाडांना घाला, त्यातला नायट्रेट म्हणजे खतच. २०१६च्या एप्रिलमध्ये ज्या गावाला मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या गावात बादलीभर पाणी काढून टाकायला हात धजत नाही हे मला कळतं. जास्वंदीला गेलं की ते वाया नाही.

नवीन पाणी कुठलं, हेही बघावं लागतं. नळ येतात त्या दिवशी, किंवा टँकरमध्ये टीसीएल (ब्लीचिंग) पावडर जास्त पडली असेल तेव्हा, ते सरळ घालायचं नाही. क्लोरीन कल्ले जाळतो. बादली उघडी ठेवून त्यात एअर पंपाची नळी सोडा, २४ तासांत क्लोरीन उडतो. घाई असेल तर हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे खडे. १ मिलिग्रॅम क्लोरीनला ७ मिलिग्रॅम हायपो लागतो, तेव्हा १५ लिटरच्या बादलीला एक चिमूट पुष्कळ झाली. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नाही, पण खोलवरून आलेल्या पाण्यात हवाही नसते. तेही तासभर खळखळवून घ्या. नुसतं आटलेलं पाणी भरायचं असेल तेव्हा मात्र आरओच्या जारचं घाला. आटताना क्षार मागे राहतात, वर पुन्हा बोअरचं घातलं की ते साठत जातात. पण पूर्ण टाकी जारच्या पाण्याने भरू नका, त्यात खनिजं जवळजवळ नसतात.

आई, तांब्याच्या हंड्यातलं शिळं पाणी माशांना घालत असशील तर आजपासून बंद. आपल्याला ते चांगलं असेल, माशाला तांबं विष आहे.

बाबा सोयाबीन-कापसावर फवारणी करून आले की त्या दिवशी टाकीला हात लावायचा नाही, हात धुतले असले तरी. डासांच्या कॉइल आणि स्प्रेमधलं औषध माशांना अतिशय घातक असतं आणि एअर पंप खोलीतलीच हवा पाण्यात ढकलतो. गल्लीत धुराची गाडी आली की पंप बंद करा, ओल्या चादरीने टाकी झाका, खिडक्या लावा आणि धूर ओसरल्यावर लगेच पंप चालू करा.

खाणं दोन दिवस पूर्ण बंद. गोल्डफिश आठवडाभर उपाशी राहू शकतो, एवढ्याने मरत नाही. नंतर दिवसातून एकदाच, दोन मिनिटांत संपेल एवढं. सकाळी आई घालते, संध्याकाळी बाबा, मधे पिंटू येऊन मूठ रिकामी करतो, आणि कोणी कोणाला सांगत नाही. औषधाच्या गोळ्यांची वारांची डबी असते ना, तशी एक माशांची करा. रविवारी सात खणांत सात दिवसांचे दाणे मोजून ठेवायचे. त्या दिवसाचा खण रिकामा दिसला की हात जोडून बाजूला व्हायचं.

आता तळाला बसलेला. त्याला पंधरा लिटरच्या टबात टाकीच्याच पाण्यात वेगळा ठेवा, एअर पंपाचा दगड सोडा, वरून फडकं. लिटरला १ ग्रॅम खडेमीठ, म्हणजे पंधरा लिटरला सपाट तीन चहाचे चमचे, आधी विरघळवून. नायट्राईटचा त्रास असेल तर मीठ कामाला येतं, कारण मिठातला क्लोराईड नायट्राईटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. दुकानातली निळी-पिवळी औषधं अंदाजाने ओतू नका.

तीन-चार दिवसांत तो आडवाच राहिला, खवले उभे राहिले, अन्न घेतच नसेल, तर त्याला हालहाल करून ठेवू नये. लिहायला जड जातंय, पण पद्धत माहीत असलेली बरी. पाण्याबाहेर तडफडत ठेवणं, जिवंतपणी फ्रीजरमध्ये टाकणं, गरम पाण्यात सोडणं, हे तिन्ही क्रूर आहेत. मेडिकलमधून शुद्ध लवंग तेल आणा. जुन्या भांड्यात टाकीचं २ लिटर पाणी घ्या. छोट्या बाटलीत अर्धा कप कोमट पाणी आणि ६ थेंब तेल, दुधासारखं होईपर्यंत हलवा. ते पाच मिनिटांत थोडं थोडं करून भांड्यात ओता. मासा हळूहळू तोल सोडतो आणि हात लावला तरी हलत नाही, म्हणजे त्याला भान नसतं. मग तसंच हलवून आणखी २० थेंब. कल्ले थांबल्यावरही अर्धा तास तसंच राहू द्या. ते भांडं पुन्हा स्वयंपाकात नको आणि ते पाणी टाकीत नको. हे दादाने करावं, आईने पाहू नये.

शेजारच्या काकू म्हणतील की माशाने घरावरचं संकट अंगावर घेतलं. म्हणू दे. आईला त्याने बरं वाटत असेल तर मी वाद घालणार नाही. फक्त त्यावर विश्वास ठेवून ‘जोडी मोडू नये’ म्हणत उद्याच दोन नवे आणू नका. संकट पाण्यात तसंच असतं, नवेही त्यालाच भेटतात. खरं सांगायचं तर ५० लिटरमध्ये सहा गोल्डफिश पहिल्या दिवसापासूनच जास्त होते. दुकानात ते बोटाएवढे असतात, पण सांभाळले तर वीतभर होतात आणि दहा-पंधरा वर्षं जगतात. आता उरलेले चारही जास्तच आहेत, पण त्यांना काढू नका, फक्त गेलेल्यांच्या जागी भरती नको. पुढे कधी आणायचेच झाले तर सलग महिनाभर अमोनिया-नायट्राईट शून्य आल्यावर, आणि नवा मासा आधी तीन आठवडे वेगळ्या टबात.

पिंटूला ‘मासा देवाघरी गेला’ सांगून पिशवीत गुपचूप दुसरा आणून सोडू नका. तो मोजतो, त्याला कळेल. मेला म्हणून सरळ सांगा, पुरताना जवळ उभं राहू द्या. आणि हा प्रश्न तो नक्की विचारील: ‘मी जास्त खाऊ घातलं म्हणून मेला का?’ तेव्हा आपण सगळेच घालत होतो, असं सांगा. ते खरंच आहे.

रविवारी सकाळी टेस्टच्या नळ्यांचा फोटो रंगाच्या तक्त्याशेजारी धरून पाठवा, खिडकीच्या उजेडात, ट्यूबखाली नको. थेंब मोजताना बाबांनी चष्मा लावावा. नळीवर झाकण घट्ट लावून तक्त्यावर लिहिलीत तेवढी मिनिटं थांबा, नाहीतर आकडा कमी येतो. टबातला मासा खातोय का, तेही कळवा.

तुमची,
लेक