दुसरा सीझन अर्धवट सोडू नकोस

प्रिय अभिजीत,

तुझा मेसेज वाचला. ‘लिंक क्लिक’ या चिनी अ‍ॅनिमेशन मालिकेचा दुसरा सीझन दोन भाग बघून बंद केलास, आणि वर लिहिलंस की पहिल्याचा जीव यात नाही, नुसती पळापळ आणि चाकूसुरे. यावर फोनवर बोलायला गेलो तर आपण पाच मिनिटांत क्रिकेटवर घसरणार, म्हणून सरळ पत्रच लिहायला बसलो. मला तुझं मत बदलायचं आहे, आधीच सांगून ठेवतो.

तुझी तक्रार काय आहे ते मला कळतं. पहिल्या सीझनमध्ये आपण एका गल्लीतल्या फोटो स्टुडिओत जाऊन बसलो होतो. गिऱ्हाईक यायचं, फोटो पुढे ठेवायचं, आणि छंग श्याओशी आणि लू ग्वांग ही दोन पोरं त्या फोटोच्या वाटेने भूतकाळात पोचून त्या माणसाचं अडलेलं काहीतरी मार्गी लावायची. नूडल्सच्या दुकानातल्या त्या दोन मैत्रिणींची गोष्ट असो की हरवलेल्या लहानग्या दोउदोउचा शोध, प्रत्येक गोष्ट स्वतःपुरती पुरी व्हायची आणि आपण डोळे पुसून पुढच्या भागाकडे वळायचो. मग शेवटच्या भागात त्यांच्या मैत्रिणीचे, छ्याओ लिंगचे, डोळे लाल झाले, तिच्या हातातला सुरा लू ग्वांगच्या पोटात गेला, आणि संपलं. ९ जुलै २०२१ ला हा भाग आला आणि दुसरा सीझन सुरू झाला १४ जुलै २०२३ ला. चीनमधल्या प्रेक्षकांनी त्या सुऱ्यापाशी दोन वर्षं काढली रे. तू पुढचा भाग त्याच रात्री लावलास. तुला तो धक्का पुरता बसायच्या आतच पुढची धावपळ सुरू झाली, आणि मला वाटतं तुझं चित्त तिथेच उडालं.

आता मूळ मुद्दा. छंग श्याओशी फोटोत शिरतो म्हणजे नेमका कुठे शिरतो? ज्याने फोटो काढला त्याच्या अंगात. फोटोत जे दिसतात त्यांच्या नाही. ही कल्पना मला अजूनही या मालिकेतली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. आमच्या घरच्या जुन्या अल्बममध्ये बाबा जवळजवळ नाहीतच, कारण कॅमेरा कायम त्यांच्या हातात. महाबळेश्वरच्या फोटोत आई, ताई, मी, आत्या, सगळे आहेत; बाबांची फक्त सावली आहे, आमच्या पायाशी पडलेली. मालिका म्हणते, आत जायचं असेल तर या माणसाच्या डोळ्यांतून जा. त्याच्या आठवणी, त्याची भीती, त्याचं दुखणं सगळं अंगावर घे. बारा तास मिळतील. फोटोनंतरच्या त्या बारा तासांत काय काय घडलं ते लू ग्वांगला बाहेर बसून दिसतं आणि तो कानात सांगत राहतो. एका फोटोत एकदाच जाता येतं. आणि घडून गेलेलं बदलायचं नाही.

आपल्याकडे याला परकायाप्रवेश म्हणतात. शंकराचार्य अमरू राजाच्या देहात गेले आणि बाहेर शिष्य त्यांच्या देहाची राखण करत बसले, ती गोष्ट आपण लहानपणी ऐकली. त्या गोष्टीत राजा आधीच मेलेला असतो, हे लक्षात घे. इथे ज्याच्या अंगात जायचं तो माणूस जिवंत असतो आणि त्याला पत्ताही नसतो. पहिल्या सीझनमध्ये हे आपल्याला खटकत नाही, कारण शिरणारा श्याओशी आहे. तो हळवा, कुणाचं दुःख बघवत नाही त्याला. पहिल्या भागातल्या एमा या मुलीच्या अंगात असताना तिच्या आईवडिलांना उत्तर पाठवल्याशिवाय राहवत नाही त्याला. आपण म्हणतो, बरं केलंस बाबा.

दुसरा सीझन हाच प्रश्न आपल्यासमोर आणून ठेवतो. तीच शक्ती, किंवा तिची सख्खी बहीण म्हण, दुसऱ्या कुणाच्या हातात पडली तर? ली थ्येनछन आणि ली थ्येनशी ही भावंडं. भाऊ दुसऱ्याच्या शरीराचा ताबा घेतो, डोळे लाल होतात, आणि ते शरीर त्याला हवं ते करतं. हात छ्याओ लिंगचे, इरादा त्याचा. जे आपण श्याओशीच्या बाबतीत मदत म्हणून बघत होतो ते इथे सरळसरळ अत्याचार म्हणून दिसतं, आणि दोन्हींत फरक नेमका कुठे आहे हे बघताना मला स्वतःला ठरवावं लागलं. परवानगीत आहे म्हणावं, तर श्याओशीने तरी कुणाची परवानगी घेतली होती? गिऱ्हाईक एक, आणि फोटो काढणारा बऱ्याचदा दुसराच. हेतूत आहे म्हणावं, तर थ्येनछनचा हेतूही त्याच्या मनाशी चांगलाच आहे. त्याला बहिणीला वाचवायचं आहे. बस एवढंच. त्यापलीकडे त्याला जग नाही.

या भावंडांचं लहानपण ज्या भागांत येतं, तिथपर्यंत तू पोचलाच नाहीस, म्हणून मला इतकं वाईट वाटलं. बापाच्या मारहाणीचं घर आहे ते. अशी घरं आपण पडद्यावर खूपदा पाहिली आहेत आणि बहुतेकदा तिथे आरडाओरडा आणि पार्श्वसंगीत असतं. इथे कॅमेरा मुलांच्या उंचीवर राहतो. मोठ्या माणसाचा चेहरा दिसायच्या आधी त्याची चाहूल लागते, आणि मुलांना त्या चाहुलीवरून कळतं की आज कसली रात्र आहे. थ्येनशी बहुतेक वेळ गप्पच असते. तिचं गप्प राहणं एवढं जपून काढलंय की ती नुसती मान वळवते तरी आपण सावरून बसतो. आणि मग छ्यान जिन हा वकील त्यांच्या आयुष्यात येतो. पोरांना आधार देणारा मोठा माणूस. त्या आधाराची किंमत काय, हे हळूहळू उलगडत जातं, आणि माझ्या मते सगळ्या सीझनमधला खरा भयंकर माणूस तोच आहे. थ्येनछनचा राग करताना मला प्रत्येक वेळी थांबावं लागलं. छ्यान जिनचा राग करताना एकदाही नाही.

तू म्हणशील, मग ही भावंडं पहिल्या सीझनमध्ये गिऱ्हाईक म्हणून आली असती तर? हा विचार मी बराच काळ करतोय. कुणीतरी वेळेवर त्यांचा एखादा फोटो घेऊन त्या स्टुडिओत आलं असतं, तर श्याओशी त्या घरात शिरला असता, रडला असता, आणि लू ग्वांगने त्याला सांगितलं असतं की काही बदलू नकोस. म्हणजे तेव्हाही ती मुलं त्या घरातच राहिली असती. पहिल्या सीझनचा नियम तिथे किती क्रूर ठरला असता बघ.

यावरून पहिल्या सीझनमधले भूकंपाचे भाग आठव. छन श्याओ हा तरुण जुना फोटो घेऊन येतो. मित्रांना, आवडत्या मुलीला आणि आईला जे तेव्हा सांगायचं राहून गेलं ते सांगून ये, एवढीच त्याची मागणी. श्याओशी तो दिवस जगतो. मैदानावर खेळतो, आईशी बोलतो. आणि त्या गावावर भूकंप येणार आहे हे लू ग्वांगने त्याच्यापासून लपवून ठेवलेलं असतं. कळल्यावर तो जिवाच्या आकांताने सगळ्यांना वाचवायला बघतो आणि लू ग्वांग त्याला अडवतो. चिनी प्रेक्षकाला हे बघताना १२ मे २००८ चा वनछ्वानचा भूकंप आठवल्याशिवाय राहणार नाही. भरदुपारी झालेला, सिछ्वान प्रांतातला, जवळजवळ सत्तर हजार माणसं गेली, कितीतरी पोरं शाळेच्या इमारतींखाली. मला मात्र तुझी आजी आठवली. ३० सप्टेंबर १९९३. विसर्जनाची मिरवणूक आटोपून दमून झोपलेली माणसं आणि पहाटेचा किल्लारीचा भूकंप. आजी सांगायची ना, की आदल्या रात्री शेजारणीशी किरकोळ बोलाचाली झाली होती आणि सकाळी समजूत काढू म्हणून ती झोपली. छन श्याओ तेच तर मागत होता. माणसं परत द्या असं तो म्हणालाच नाही, राहिलेलं बोलणं तेवढं पोचवा म्हणाला.

दुसरा सीझन मी या भागांच्या उजेडात बघतो. लू ग्वांग तिथे इतका कठोर का होता? एवढ्या तरुण मुलाला हे एवढं पक्कं कसं ठाऊक, की बदलायला गेलं तर आणखी वाईट होतं? पहिल्या सीझनमध्ये आपण तो त्याचा स्वभाव म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या सीझनच्या अखेरीस याचं उत्तर मिळतं आणि मी ते तुला अजिबात सांगणार नाही. एवढंच सांगतो की ते कळल्यावर मी पहिल्या सीझनचा पहिला भाग पुन्हा लावला, आणि लू ग्वांगच्या प्रत्येक वाक्याचा सूर मला वेगळा ऐकू आला. तोच आवाज, तीच वाक्यं. ली हाओलिंग या दिग्दर्शकाने ही गाठ पहिल्यापासून मारून ठेवलेली असणार.

उणिवा आहेतच. मधल्या काही भागांत पोलिस, वकील, कुणाची शक्ती कशी चालते याचे खुलासे एकावर एक येतात आणि गोष्टीचा श्वास कोंडतो. पहिल्या सीझनमध्ये नियम मोजके होते, म्हणून ते अंगावर यायचे. इथे शक्ती वाढल्या तशी त्यांची धार थोडी कमी झाली. छ्याओ लिंगच्या वाट्याला जे आलं, म्हणजे स्वतःच्या हातांनी जिवलग मित्रावर वार होणं, त्याला मला अख्खा एक भाग हवा होता. ती सगळ्यांना सांभाळत राहते आणि तिला कोण सांभाळतं याकडे गोष्ट पुरेसं बघत नाही. नूडल्सच्या दुकानासारखा निवांत भाग तर नाहीच. तो तुला हवाय आणि मलाही हवा होता. पण सुऱ्याच्या त्या वारानंतर स्टुडिओचं दार उघडून पुन्हा ‘या, बसा, फोटो दाखवा’ असं सुरू केलं असतं, तर ते मला खोटं वाटलं असतं. ज्या घरात असं काही होतं तिथे दुसऱ्या दिवसापासून दुकान चालू होत नाही.

मारामारीचंही तुला वावडं दिसतंय, पण एकदा नीट बघ. ताब्यात घेतलेलं शरीर लढतं तेव्हा त्याला स्वतःच्या दुखण्याची पर्वा नसते, कारण दुखणं ज्याचं आहे तो ते शरीर चालवत नाहीये. आणि समोरचा मात्र हात आखडता घेतो, कारण त्याला माहीत आहे की मार त्या बिचाऱ्याला बसणार. प्रत्येक ठोशात ही अडचण आहे. स्टुडिओ लॅनच्या चित्रकारांनी ती शरीराच्या वजनातून दाखवली आहे, संवादातून नाही. मला तरी यातली एकही झटापट उगाच वाटली नाही.

एक विनंती, चिनी आवाजातच बघ, खाली सबटायटल्स लावून. सू शांगछिंग श्याओशीला आवाज देतो आणि यांग थ्येनश्यांग लू ग्वांगला. एक सगळं ओसंडून बोलणारा, दुसरा प्रत्येक शब्द तोलून. फक्त कानाने ऐकलं तरी दोघांची मैत्री कळते. सुरुवातीचं ‘व्होर्टेक्स’ आणि शेवटचं ‘द टाइड्स’, दोन्ही गाणी पुढे ढकलू नकोस. आणि बारा भाग पुरे होईपर्यंत याच मालिकेतल्या, २०२४ च्या डिसेंबरअखेर आलेल्या ‘ब्रायडन आर्क’च्या वाटेला जाऊ नकोस. सहाच भाग आहेत म्हणून मोह होईल, पण आधी ते बघितलंस तर दुसऱ्या सीझनच्या शेवटाची सगळी हवाच जाईल.

तर तिसऱ्या भागापासून पुन्हा सुरू कर. रोज एकच बघ, सगळे एका रात्रीत नको. थ्येनछन-थ्येनशीच्या घरापर्यंत पोचलास की मला कळव, आणि तिथे एका प्रश्नाचं उत्तर मला तुझ्याकडून हवं आहे: त्या पोराच्या जागी तू असतास आणि तुझ्या हातात ती शक्ती असती, तर तू कुणाच्या अंगात शिरला असतास? माझं उत्तर ठरलंय, पण तुझं आल्याशिवाय सांगणार नाही.

आईंना नमस्कार सांग. दिवाळीला येतोयस ना? आलास की शेवटचा भाग एकत्र बघू, मला तुझा चेहरा बघायचाय.

तुझा,
मंदार