जामीन मिळूनही आत

रामबाग, इंदूर

प्रिय विनय,

शनिवारी तुरुंगातून सुटलो. फोनवर तू विचारलंस तेव्हा आई शेजारी बसली होती, म्हणून "ठीक होतं" एवढंच बोललो. ठीक नव्हतं. भांडणाचं प्रकरण तुला ठाऊक आहे, ते पुन्हा उगाळत नाही.

मारहाण वगैरे काही झाली नाही, ते आधीच सांगतो. पण फाटकाच्या आत पाऊल पडलं की रांगेत उकिडवं बसवतात. पट्टा, मोबाइल, पाकीट जमा. मग नाव, बापाचं नाव, अंगावरची खूण. कोपराजवळचा तीळ मी शोधून दाखवला आणि मुन्शीनं तो रजिस्टरात चढवला. त्यानंतर सगळा दिवस गिनतीवर चालतो. बराक उघडताना गिनती, बंद करताना गिनती; "जोडी से बैठो" अशी हाक आली की दोघादोघांनी बसायचं. रात्रीचं जेवण उजेडातच उरकतं, दिवा मात्र रात्रभर चालू. कुशीवर वळायचं तर शेजारच्यालाही वळावं लागतं. आईनं गोळी घेतली असेल का, यापलीकडे माझं डोकं जातच नव्हतं.

माझ्या शेजारी अलीराजपूरकडचा एक पोरगा झोपायचा, मंडीत हम्माली करणारा. मला लिहिता-वाचता येतं हे कळल्यावर त्यानं एक कागद पुढे केला, घड्यांवर फाटत आलेला. मी दोनदा वाचला. अरे, त्याचा जामीन केव्हाच मंजूर झाला होता! पंचवीस हजारांचा जातमुचलका, म्हणजे स्वतः लिहून दिलेली हमी, आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार. त्याचा भाऊ शेताची ऋणपुस्तिका, म्हणजे जमीन आपली असल्याचं सरकारी पुस्तक, घेऊन इंदूरला आलाही होता. कोर्टात त्याला कुणीतरी सांगितलं, जामीनदार याच जिल्ह्यातला लागतो. बिचारा मुकाट्यानं परतीच्या बसमध्ये बसला. संध्याकाळी सुटणाऱ्यांची नावं पुकारतात तेव्हा हा पोरगा हातातलं काम टाकून दाराशी जाऊन उभा राहायचा.

बाहेर आल्यावर मी आपल्या वकीलकाकांना गाठलं. ते म्हणाले, हे तर १९७८ सालीच निकालात निघालंय. मोतीराम नावाचा आपल्या मध्य प्रदेशातलाच एक गवंडी होता. त्याच्यापुढे दहा हजारांच्या जामिनाची अट होती, आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून भाऊ जामीनदार चालला नाही. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हे अमान्य केलं आणि हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर त्याला सोडायला लावलं. २०२३ च्या जानेवारीत त्याच न्यायालयानं पुन्हा बजावलं की स्थानिक जामीनदाराचा हट्ट नको. जामीन होऊन सात दिवसांत कैदी सुटला नाही तर जेल अधीक्षकानं विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, आणि महिनाभरात बंधपत्र भरलं गेलं नाही तर न्यायालय आपणहून अट सैल करण्याचा विचार करू शकतं. एवढं सगळं असूनही तो पोरगा तिथेच! २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती, त्यांतले ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले. यातल्या किती जणांकडे असाच कागद असेल, हा विचार काही डोक्यातून जात नाही.

वकीलकाका अट बदलण्यासाठी अर्ज लावताहेत, फी घेणार नाहीत. पण अर्जाला तारीख पडली तर पुन्हा वाट बघणं आलं. म्हणून तुला विचारतो. सांवेरचं शेत तुझ्या नावावर आहे, म्हणजे जिल्ह्याचा प्रश्नच उरत नाही. त्या पोराचा जामीनदार राहशील का? तो पेशीला आला नाही तर रक्कम तुझ्याकडून वसूल होऊ शकते, हे जाणूनच विचारतोय. तशी वेळ आलीच तर पैसे मी भरीन, हे लिहून देतो. वहिनींशी बोल आणि मग ठरव. नाही म्हणालास तरी माझ्या मनात काही येणार नाही.

हो असेल तर ऋणपुस्तिका, आधार कार्ड आणि दोन फोटो घेऊन सोमवारी सकाळीच जिल्हा कोर्टाच्या फाटकाशी ये. उशीर करू नकोस. सुटकेचा परवाना संध्याकाळी बराकी बंद होण्याआधी जेलात पोचला नाही तर त्याची आणखी एक रात्र आत जाईल.

तुझा,
मकरंद